विचारून घेतलेली कात्री

तंबूच्या कारखान्यात कोणी कोणाला काही विचारत नसे. विचारून ऐकू कोणाला जाणार? लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये जाड कापडाची मशिनं ओळीनं धडधडत असायची आणि त्यांच्यापुढे माणसाचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. म्हणून कटिंगच्या मास्तरांनी फार पूर्वीच नियम घालून दिला होता. "शेजारणीची कात्री हवी, घ्या. मेण हवं, खडू हवा, सुई हवी, घ्या. विचारत बसू नका. फक्त जिथून उचललंत तिथे परत ठेवा." नवी बाई कामाला आली की मशीन दाखवण्याआधी तिला हे सांगितलं जाई. एकीनं पहिल्याच दिवशी सभ्यपणे "घेऊ का हो?" म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, "बाई, मागणी घालायची नाहीये, दोरा कापायचाय."

शेडच्या शेवटच्या खिडकीपाशी बसणाऱ्या बाईला सगळे कोपरेबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव तिला होतं, पण ते हजेरीपुरतं. तंबूची सरळ शिलाई कोणीही मारतं. तंबू फाटतो तो कोपऱ्यात. दोर तिथे बांधतात, वारा तिथे ओढतो, पाणी तिथे तुंबतं आणि कापडाच्या घड्या एकावर एक आल्या की सुईही तिथेच मोडते. हे सगळे कोपरे तिच्याकडे यायचे. बाकीच्या बाया कोपऱ्याला चौकोनी ठिगळ लावत, ही गोल कापायची. "चौकोनाला टोकं असतात," ती म्हणे, "आणि टोक कधी ना कधी उचकटतंच. कापडाचं काय नि माणसाचं काय." जन्मभर लोकांसाठी तंबू शिवले, पण ती स्वतः तंबूत कधी झोपली नव्हती. कोणी त्यावरून चिडवलं तर म्हणायची, "सुईण काय स्वतःचं बाळंतपण करते?"

तिच्या शेजारच्या मशीनवर फिरकी बसे. हे नावही कारखान्यानंच दिलेलं. मशीनमधली फिरकी जशी गरगर फिरते तशी तिची जीभ. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. कोपरेबाई अशीच एकटी, पण वेगळ्या कारणानं. आई लहानपणीच गेली, मग वडिलांचं बघता बघता हिचं लग्न राहून गेलं. वडील गेल्यावर पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली भाड्यानं घेतली, तिथेच राही. दोघींचं सूत कधी जुळलं हे दोघींनाही सांगता आलं नसतं. फिरकी शिलाई मारून तंबू पुढे सरकवायची, ही कोपरे करायची. एकीच्या हातातून सुटलेलं कापड दुसरीच्या मांडीवर. डबा एकत्र, चहा एका कपातून दोन बश्यांत. आणि कात्री तर दोघींत एकच म्हणा ना. फिरकीची कायम बोथट, त्यामुळे तिचा हात न बघताच शेजारच्या मशीनवर जायचा, कोपरेबाईची कात्री उचलायचा, दोरा कापायचा आणि परत ठेवायचा. कोपरेबाईलाही ती गेली कधी, आली कधी, कळत नसे.

कोपरेबाईच्या मालकीची म्हणावी अशी जगात एकच गोष्ट होती. गावाबाहेर शेवटच्या बसथांब्यापासून पुढे, पाण्याच्या टाकीच्या मागे, ओढ्याला लागून असलेला जमिनीचा तुकडा. वडील त्या टाकीवर राखणदार होते. पोटाला चिमटा काढून त्यांनी तो घेतला आणि घेतल्यावर त्याचं काहीच केलं नाही. ना पेरलं, ना बांधलं. फक्त भोवती तार ओढली आणि सुटीच्या दिवशी तिथे जाऊन बसायला लागले. बरोबर छोटी मुलगी असायची. तारेपाशी आले की ते मोठ्यानं खाकरायचे.

"बाबा, आपलीच जागा ना? मग खाकरता कशाला?"

"जागा आपली गं. पण आत कोणी ना कोणी राहतंच. त्यांना कळायला नको, माणूस येतोय म्हणून?"

राखणदारीवरही ते असेच खाकरत फिरायचे. वरचा साहेब रागावला, की अशानं चोराला आधीच कळेल. ते म्हणाले, "कळू दे की. पळून जाईल. मला तो पकडायचा नाहीये, टाकी राखायचीये."

ओढ्याकाठी बारीक गोट्यांची एक सपाट पट्टी होती. तिथे टिटवी दरवर्षी अंडी घालायची. घरटं कसलं, नुसती उघडी जमीन. अंडी अशी की गोटा कुठला आणि अंडं कुठलं ते जवळून बघूनही ओळखू येऊ नये. ते दिवस आले की बापलेक त्या पट्टीकडे फिरकत नसत, वरच्या अंगाला झाडाखाली बसत. वडिलांच्या मागेही कोपरेबाईनं तेच चालू ठेवलं. सुटीच्या सकाळी जायचं, खाकरायचं, झाडाखाली बसून हात जोडायचे. देवळात जायला तिला आवडायचं, पण तिथे देवाशी बोलायला रांग. इथे रांग नव्हती.

ती जागा तिनं फिरकीला दाखवली. दुसऱ्या कोणाला दाखवावी असं कधी वाटलंच नव्हतं. फिरकी तिथे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "कोपरे, इथे म्हातारपण काढावं बघ."

"मग काढू की. दोघी."

थट्टेत निघालेली गोष्ट, पण दोघींच्याही मनात रुजली. हात चालत नाहीसे झाले की कारखाना सोडायचा आणि त्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या. एक हिची, एक तिची, मध्ये पडवी. फिरकीनं शिलाईच्या खडूनं कापडाच्या एका तुकड्यावर त्याचा नकाशाच काढला. तो तुकडा कोपरेबाईच्या खिडकीत अडकवलेला असायचा. खडू तो, चार दिवसांत पुसट व्हायचा. मग दोघींपैकी जिच्या लक्षात येई ती रेघा परत गिरवून टाकायची. गिरवताना फिरकी दर वेळी स्वतःची खोली बोटभर मोठी करायची आणि कोपरेबाई दर वेळी ती बोटभर कमी करायची.

"पडवी आपली दोघींची हं," फिरकी म्हणायची. "आणि भांडण झालं तर?"

"तर तू तुझ्या खोलीत बडबड, मी माझ्या खोलीत ऐकत नाही."

एकदा जागेवर कोपरेबाईनं तिला गोट्यांची ती पट्टीही दाखवली. टिटवीचं सांगितलं, त्या दिवसांत इकडे यायचं नाही म्हणून सांगितलं. फिरकी तेव्हा पावलं टाकत खोल्यांची मापं घेत होती. "हो हो," म्हणाली.

पुढे एकदा फिरकी म्हणाली, "भाचीचं लग्न झालंय. जावई आणि ती, दोघांनाही मोकळ्यावर भटकायचं वेड. त्यांना लहानसा तंबू द्यावा म्हणते." मास्तरांनी उरलेलं हिरवं कापड दिलं. एका बाजूला ते कमी पडलं म्हणून राखाडी पट्टा जोडला. शिलाई फिरकीनं मारली, कोपरे अर्थातच कोपरेबाईनं केले. गोल ठिगळं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दुहेरी टिपा. पोरीच्या डोक्यावर वारापाऊस यायचाय म्हणून विकायच्या तंबूलाही केले नसते इतके ते मन लावून केले.

त्यानंतर काही दिवसांनी जागेवर काहीबाही दिसायला लागलं. तार अडकवायचा आकडा वडिलांच्या काळापासून खाली तोंड करून लावायची पद्धत, तो एकदा वर तोंड करून लावलेला. एकदा गवत चौकोनी आकारात झोपलेलं. कचरा म्हणाल तर कागदाचा कपटाही नाही. कोपरेबाई चरकली. आली तशी आधी फिरकीकडेच बोलली.

"कोणीतरी येऊन राहतंय गं तिथे."

"गुरं बसली असतील," फिरकी म्हणाली.

"गुरं आकडा लावून जातात होय?"

मधल्या सुटीत हा विषय सगळ्या शेडमध्ये झाला. तंबू शिवणारी माणसं ती, तंबू कुठे लावावा यावर प्रत्येकाचं मत. मास्तर म्हणाले, "बाई, मोकळी जमीन देवाची. रात्रभर टेकला कोणी, सकाळी उठून गेला, तर तुमचं काय झिजलं?"

"मास्तर, तुमची पडवीही मोकळीच असते. मी येऊन झोपू?"

सगळे हसले. मास्तरांची बायको कशी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"तसं नाही," कोपरेबाई म्हणाली. "देवाचीच आहे जमीन, मी कुठे नाही म्हणते? पण देवसुद्धा ती कोणाच्या तरी राखणीला देतो. राखणाऱ्याला एक शब्द विचारावा. नाही म्हणणार नाही मी. पण विचारलं की निदान सांगता तरी येतं, इथे झोप, तिथे नको."

"आणि मालक भेटलाच नाही तर?"

"तर वाट बघावी. नाहीतर पुढे जावं."

आणि फिरकी? ती तर सगळ्यात मोठ्यानं बोलली. "मेले कोण कुठले आयत्या बिळावर नागोबा! चोरी ती चोरीच. कचरा उचलला म्हणून काय चोर साव होतो? माझ्या तावडीत सापडले ना, तर तंबूसकट गुंडाळून ओढ्यात टाकीन!" तिचा आवाज एवढा चढला की कोपरेबाईलाच तिला आवरावं लागलं. "जाऊ दे गं, पोरंबाळं असतील कोणाची." पण मनातून तिला बरं वाटलं. आपल्यासाठी एवढं तावातावानं भांडणारं माणूस आहे, या समाधानात ती त्या दिवशी घरी गेली.

कारखान्यात मोठी ऑर्डर आली की सगळ्यात शेवटी काम उरतं ते कोपऱ्यांचं. आधी कटिंग, मग शिलाई, मग कोपरे. त्यामुळे माल जायच्या आधी बाकीच्यांना सुटी आणि कोपरेबाई एकटी शेडमध्ये, हे ठरलेलं. कोपरे कधी साठणार हे शिलाई मारणाऱ्या फिरकीइतकं आधी कोणालाच कळत नसे. असंच एकदा सुटीच्या दिवशी तिला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी फिरकीनं दोनदा विचारलं, "उद्या येणार आहेस ना गं कामाला?" कोपरेबाईला वाटलं, काळजीनं विचारतेय.

सकाळी ती आली तर मास्तर दारातच. कोपऱ्याला ठोकायच्या पितळी रिंगा आल्याच नव्हत्या. "घरी जा बाई. रिंगांशिवाय काय करणार?" मशीन बंद, सकाळ मोकळी, हवा छान. ती सरळ बसनं शेवटच्या थांब्यावर उतरली.

तारेपाशी आली. आकडा वर तोंड करून. ती खाकरायला थांबली आणि तोंड उघडं ठेवूनच उभी राहिली. खाली, ओढ्याकाठच्या पट्टीवर, हिरवा तंबू उभा होता.

खोटं कशाला सांगा, पहिल्या क्षणी तिच्या मनात आलं ते असं की किती ताठ उभा आहे! चारही कोपरे सारखे ताणलेले, कुठे सुरकुती नाही. शिवणाऱ्याची नजर ती, आधी शिवण बघते. मग तिला राखाडी पट्टा दिसला. मग गोल ठिगळं. आपल्याच हाताचं काम माणूस ओळखणार नाही तर काय! पाय तिला खाली घेऊन गेले, पण डोकं वर तारेपाशीच राहिलं होतं.

एक तरुणी दगडावर बसून चुलीवर पाणी तापवत होती. नवरा पांघरुणं झटकत होता. तरुणीनं वर बघितलं, हसली. चेहरा गोड होता.

"काकू, वाट चुकलात का?"

"नाही."

"मग…" पोरगी जरा अवघडली. "राग मानू नका हं. पण तुम्ही विचारून आत आलात का? ही खाजगी जागा आहे. माझ्या आत्याला नाही आवडत कोणी न विचारता आलेलं."

कोपरेबाईला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "कोणाला?"

"माझ्या आत्याला. तिचीच आहे ही जागा. ती ना, तंबूच्या कारखान्यात आहे. आम्ही नेहमी येतो. तिनंच सांगितलंय, कधीही या म्हणून."

नवरा मागून म्हणाला, "आणि न विचारता आम्ही कुठे राहतच नाही, काकू. दुसऱ्याच्या रानात गुपचूप तंबू ठोकणारे वेगळे. आम्ही आधी मालकाला विचारतो."

म्हणजे विचारलं होतं. रीतसर विचारलं होतं, परवानगीही मिळाली होती. फक्त राखण हिची आणि परवानगी दुसरीची.

"कचऱ्याचा कण ठेवत नाही आम्ही," पोरगी उत्साहानं सांगत होती. "आत्याचा नियमच आहे तसा. जिथून उचललं तिथे परत ठेवायचं. आणि हे बघा काय सापडलं!" ती कोपरेबाईला तंबूच्या पलीकडे घेऊन गेली. तिथे गोट्यांचं एक नीटस कडं रचलं होतं आणि कड्याच्या आत टिटवीची अंडी. "नवऱ्याचा पाय पडणारच होता. मग मीच कडं केलं भोवती."

"कधी आलात?"

"परवा."

"टिटवी आली का?"

"पहिल्या दिवशी सारखी ओरडत घिरट्या घालत होती. आता नाही ओरडत. सवय झाली वाटतं."

कोपरेबाई खाली बसली. बोटांची मागची बाजू अंड्याला लावली. ओढ्यातल्या दगडाइतकं गार. तिनं वर बघितलं. आभाळ रिकामं होतं.

"काय झालं काकू?"

"काही नाही बाळ. पुढच्या खेपेला तंबू वर झाडाखाली लावा. या दिवसांत इथे नको."

"अय्या, आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

"हो," कोपरेबाई म्हणाली. "कोण सांगणार."

ती उठली, पदराला हात पुसले. पोरगी चहा घ्या म्हणाली, तो नको म्हणाली. निघताना पोरीनं विचारलं, "काकू, आत्याला कोण आलं होतं म्हणून सांगू? तुम्ही कुठल्या?"

एक शब्द पुरला असता. मी मालकीण, एवढंच. पण त्या पोरीच्या तोंडावर तिच्या आत्याचा जो अभिमान होता, तो आपल्या हातानं पुसायचा म्हणजे… तिच्या जिभेला ते झालं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

"इथलीच," ती म्हणाली. "बाजूची."

स्वतःच्या जागेतून ती बाजूची होऊन बाहेर पडली. आकडा खाली तोंड करून लावला. बसमध्ये बसल्यावर एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसायला लागली. 'गुरं बसली असतील.' 'मेले कोण कुठले.' 'उद्या येणार आहेस ना गं?' कुंपणच शेत खातं, असं म्हणतात. पण कुंपण शेत खाताना वर शेतकऱ्याच्या गळ्यात पडून रडतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती देवापुढे बसली आणि काय मागावं ते सुचेना. खोटं बोलल्याची माफी मागावी, तर खोटं दुसरीसाठी बोललेलं. शेवटी नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मशिनं सुरू झाली. फिरकीचा हात नेहमीसारखा आला, कात्री उचलली, दोरा कापला, परत ठेवली. कोपरेबाई बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं ते पहिल्यांदाच पाहिलं. मधल्या सुटीत ती म्हणाली, "मागे गोदामात ये जरा."

गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांचा तो कोरा, तेलकट वास. फिरकी गठ्ठ्यावर चढून बसली, पाय हलवत. "काय गं, एवढं काय गुपित?"

"रिंगा आल्या नव्हत्या. मी जागेवर गेले."

पाय हलायचे थांबले.

"पोरगी गोड आहे तुझी भाची," कोपरेबाई म्हणाली. "मला म्हणाली, मालकिणीला विचारून आलात का?"

फिरकी गठ्ठ्यावरून खाली उतरली. मग एकदम सगळे शब्द बाहेर पडले. "अगं, कोणाचं काय वाईट झालं त्यात? एक काडी हलवली नाही त्यांनी. जसं होतं तसं ठेवून जातात. आपण इथे नाही का घेत एकमेकींचं? तुझी कात्री मी कधी विचारून घेतली?"

"कात्री परत जागेवर ठेवता येते. टिटवी ठेव बघू परत."

"टिटवी?" फिरकी गोंधळली. तिला खरंच आठवत नव्हतं. ते कोपरेबाईला सगळ्यात जास्त लागलं.

"तूच म्हणायचीस ना आपली जागा?" फिरकीचा आवाज चिरकला. "तूच म्हणायचीस, आपली."

"म्हणायचे. तू भाचीला आपली म्हणून सांगितलं असतंस, तर काल मी तिच्या शेजारी बसून चहा घेतला असता. तू माझी म्हणालीस."

मग फिरकी हळू बोलायला लागली. असं हळू ती कधी बोलत नसे.

"घरात सगळे मला देतात गं. खोली दिली. पांघरूण दिलं. दोन घास देतात. वहिनी वाईट नाही, पण द्यायला आली की तिच्या पावलांचा आवाज जास्त होतो. एकदा भाची म्हणाली, कुठे राहावं तर सगळीकडून हाकलतात. माझ्या तोंडून निघून गेलं, माझी आहे ना जागा. आणि वहिनीनं वळून बघितलं माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भाऊ म्हणाला, बोलली नाहीस कधी! मग मागे कशी येऊ?"

"मला मागायचीस."

"मागितली असती तर तू दिलीच असतीस."

"हो. दिलीच असती."

"मग ते तुझं देणं झालं असतं, कोपरे. माझं कुठलं?"

कोपरेबाईला ते कळलं. अगदी आतपर्यंत कळलं. कळल्यानं राग कमी होईल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कळणं एकीकडे राहिलं आणि लागलेलं दुसरीकडे.

"मी कामावर असण्याचा दिवस बघून तू त्यांना पाठवायचीस," ती म्हणाली. "आणि मधल्या सुटीत माझ्या बाजूनं भांडलीस. निदान तेव्हा तरी गप्प बसायचंस."

"गप्प बसले असते तर तुला कळलं असतं. मी कधी गप्प बसते का?"

एरवी यावर दोघी हसल्या असत्या. फिरकीच्या ओठांना हसू येता येता राहिलं. "भाचीला सांगू नकोस," ती म्हणाली. "पाया पडते. त्या घरात माझी तेवढीच एक गोष्ट आहे."

"मी नाही सांगणार. तू सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी दर खेपेला तारेपाशी येऊन बाजूची होत जाईन. काल झाले तशी. तुला ते चालतं का बघ."

ती गोदामातून बाहेर आली, मशीनवर बसली. त्या दिवशी तिच्या दोन सुया मोडल्या.

फिरकीनं सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, घरात काय झालं, हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही. कळलं ते असं, की एके दुपारी भाची कारखान्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. धुऊन, वाळवून, घडी घातलेला तंबू तिच्या छातीशी. डोळे सुजलेले. कोपरेबाई बाहेर आली.

"काकू, मी तुम्हाला विचारलं. तुम्हाला! परवानगी घेतलीत का म्हणून." आणि पोरगी रडता रडता हसायला लागली.

"बरोबरच विचारलंस. विचारायलाच हवं," कोपरेबाई म्हणाली. "तंबू घेऊन जा. कोपरे चांगले झालेत त्याचे. आणि यायचं असेल तेव्हा ये. मला निरोप दे, मी सांगेन कुठे लावायचा."

तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, किती सहज ते तोंडून निघालं. परक्याला माफ करायला माणसाला फारसं काही लागत नाही. फिरकीच्या बाबतीत मात्र तिनं रोज देवापुढे हात जोडले, रोज म्हटलं, देवा, माझ्या मनातलं हे काढून घे. देवानं ते जिथून उचललं असेल तिथेच परत ठेवलं असावं. सकाळी ते होतं तसंच सापडायचं.

दोघी बोलत होत्या. भांडल्या नाहीत, मशीन बदलून मागितलं नाही. डबा एकत्र खाल्ला. फिरकी गोष्टी सांगायची, पण सांगताना मध्येच थांबून बघायची, ही ऐकतेय का. खिडकीतला कापडाचा तुकडा तसाच होता. त्यावरच्या दोन खोल्या, मधली पडवी. खडू हळूहळू पुसट होत गेला. तो कोणी पुसला नाही आणि गिरवलाही नाही. एका सकाळी कोपरेबाईनं बघितलं, तर ते नुसतं कोरं कापड होतं. ठिगळाला बरं, म्हणून तिनं ते काढून पेटीत टाकलं. फिरकीनं ते पाहिलं आणि मान खाली घालून दोरा ओवत राहिली. सुईचं नाक तिला सापडेना.

मग शिलाई संपली, दोरा कापायची वेळ आली. फिरकीची कात्री कायमची बोथट. तिचा हात सवयीनं शेजारच्या मशीनकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मागे गेला. मशिनं धडधडत होती, त्यामुळे तिला जवळ येऊन, वाकून, कोपरेबाईच्या कानाशी बोलावं लागलं.

"घेऊ का गं?"

कोपरेबाईनं कात्री उचलली आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली.

"घे," ती म्हणाली.